कप्तानाच्या कबरीला कुलूप

टेम्पोतून लोखंडी जाळी उतरायला लागली तेव्हाच रोहिणीने ओळखलं, की बाबांचा उद्याचा स्मृतिदिन काही सरळ पार पडत नाही.

ती गंगाखेड आगारात कंडक्टर होती. भरल्या गाडीत वीस वर्षं माणसं पुढे सरकवून तिला एक विद्या आली होती. पायरीवर पाय ठेवणाऱ्याचं तोंड बघून हा गुमान तिकीट काढणार की सुट्ट्यावरून भांडणार, हे ती आधीच सांगायची. टेम्पोतून उतरणाऱ्या सिद्धोधनदादाचं तोंड भांडणाऱ्याचं होतं. त्याच्या मागून वेल्डर उतरला आणि वेल्डरच्या हातात नवंकोरं पितळी कुलूप होतं.

"हे काय आणलंय, दादा?"

"बाबांच्या स्मृतिस्थळाला संरक्षण."

"कुणापसून?"

दादाने नुसतं बोट दाखवलं. कबरीजवळच्या लिंबाला एक काळा बोकड बांधलेला होता. उद्यासाठी आणून ठेवलेल्या शेवंतीच्या हारातली फुलं तो निवांत खात उभा होता, जणू स्मृतिदिन त्याचाच.

दादा परभणीत हेडमास्तर म्हणून निवृत्त झाला होता, पण निवृत्ती नुसती पगारापुरती. जगातली कुठलीही चार माणसं एकत्र दिसली की त्याला तो वर्ग वाटायचा. आणि या वर्गाने तर हद्दच केली होती. ज्या सूर्यभान कप्तानाने दीक्षा घेतल्यापासून घरात नारळ फुटू दिला नाही, त्याच्या मातीवर क्लबाची माणसं उद्या बोकड कापून कंदुरी करणार होती. पोखर्णीच्या सामन्याआधी नवस बोलले होते म्हणे, जिंकलो तर कप्तानाला बोकड. आणि जिंकले. ते हरले असते तर घराण्याची अब्रू वाचली असती, असं दादा टेम्पोवाल्यालाही सांगत आला होता.

बाबांची गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ होती. तरणेपणी ते हैदराबादेत रेल्वेच्या कारखान्यात हेल्पर होते. तिथे फुटबॉल शिकले आणि बाहत्तरच्या दुष्काळात गावी परतले ते काखेत एक चेंडू घेऊन. गावात चेंडू तेवढा एकच, आणि तो महारवाड्यात. खेळायचं तर तिथवर यावं लागायचं. आधी चार दिवस पाटलाकडची पोरं लांबून बघत उभी राहिली, पाचव्या दिवशी आली. असा 'प्रबुद्ध फुटबॉल क्लब' निघाला. दहा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा सांगून गेले, मला जाळू नका, ग्राउंडाच्या कडेला आपल्याच शेतात पुरा. बॉल रेषेबाहेर गेला का ते बघायला लाइनमन नसला तर मी बघत जाईन.

तेव्हापासून ही माती घरच्यांपेक्षा क्लबानेच जास्त सांभाळली, हे मात्र कुणालाही कबूल करावं लागलं असतं. आधी ते झाडून काढायचे. मग विटांचा कट्टा बांधला, डोक्याशी दगड बसवला, निळा झेंडा लावला. मग एकजण कबरीला हात लावून मैदानात उतरला आणि त्याने दोन गोल मारले. तिथून पुढे धरबंध राहिला नाही.

आणि सगळ्यात मोठा दस्तूर चुन्याचा होता. स्मृतिदिनाच्या सकाळी कबरीला चुना द्यायचा, चेंडू तिच्यावर ठेवायचा, तो वाजतगाजत ग्राउंडात न्यायचा आणि पहिली किक मारायची. ती किक कुणी मारायची यावरून पहिल्याच वर्षी दोन गल्ल्यांत डोकी फुटली. तेव्हा बाबांचे जुने सोबती, पाटलाकडच्या त्या पोरांतले एक आणि क्लबाचे पहिले गोलकीपर माणिकराव यांनी फैसला दिला होता. ज्याच्या हाताला चुना, त्याच्या पायाला पहिली किक, आणि सालभर क्लबाचा कारभार त्याचाच. दुसऱ्या गल्लीने लवकरच नाद सोडला आणि गेली नऊ वर्षं चुना लावत होता माणिकरावांचा मुलगा महारुद्र. वय चव्वेचाळीस. क्लबाचा कारभारीही तोच आणि गोलकीपरही तोच. गोलपोस्ट त्याला वडिलांकडून वारशात मिळाला होता आणि त्याच्या हयातीत त्याची वाटणी होणार नव्हती.

आता रोहिणीच्या पोटात काय होतं ते सांगायला हवं. गंगाखेडच्या स्पर्धेत या वर्षी पहिल्यांदा मुलींचे सामने होते. पुढच्या सालापासून मुलीही खेळणार, असं पत्रक गेल्या साली आगाराच्या भिंतीवर चिकटलं त्याच दिवशी तिने भाचीला फोन केला होता. भाची धम्मशीला, धाकटा भाऊ धम्मानंद याची लेक. तिने गावातल्या अकरा पोरी गोळा केल्या, वर्षभर खेळवल्या. फक्त स्पर्धेत उतरायला क्लबाचं नाव आणि क्लबाचा निळा शर्ट हवा होता. महारुद्र बैठकीत म्हणाला होता, "क्लबाचा शर्ट पोरींच्या अंगावर? मंग आमी काय लुगडी नेसावं?" सगळी बैठक हसली होती. धम्मानंदही हसला होता, आणि हेच रोहिणीला जास्त लागलं होतं. सामने येत्या रविवारी होते.

दुपार टळायच्या आत जाळी बसली. महारुद्र मोटारसायकलवरून आला तेव्हा वेल्डर हत्यारं आवरत होता आणि दादा कुलूप दोनदा ओढून बघत होता.

"गुरुजी, हे काय मांडलंय?"

"कुलूप दिसतंय ना, महारुद्रा?"

"कुलूप दिसायलंय. अन् आतमधी माझा चुनाबी दिसायलाय."

खरंच होतं. चुना आदल्या दिवशी भिजवावा लागतो. महारुद्राने सकाळीच एका पिंपात चुना भिजवून, त्यात नीळ घालून, कुंचे वर आडवे ठेवून ते कबरीच्या पायथ्याशी ठेवलं होतं. नेम असाच होता. पिंप ठेवलं की जागा धरली, एसटीत रुमाल टाकल्यागत. दादाने बाबांना अंधश्रद्धेपासून वाचवायच्या घाईत चारी बाजूंनी जाळी ठोकली, ती पिंपासकट.

"राहू द्या आत," दादा म्हणाला. "बोकड घेऊन जा. मग बघू."

"नवस हाय, गुरुजी."

"माझ्या बापाला?"

"तुमचे बाप असतील. आमचे कप्तान हायेत. तुमी वरसातून एकदा येताव. हितं झाडू कोण मारायलंय? पावसाळ्यात गवत कोण काढायलंय?"

यावर दादाने नुसता आवाज चढवला. धम्मानंद दोघांच्या मधोमध उभा राहून एकदा भावाला मान डोलवत होता, एकदा महारुद्राला. तो गावात राहणारा, महारुद्राच्या ट्रॅक्टरने शेत नांगरणारा, आणि क्लबाचा पहिल्या नंबरचा भक्त. बोकड त्यानेच लिंबाला बांधला होता. पण थोरल्या भावापुढे अजून त्याचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जायचा.

"चावी धम्मानंदापाशी द्या," महारुद्र म्हणाला. "घरचाच माणूस हाय."

"त्याच्यापाशी? त्यापेक्षा बोकडाच्या गळ्यात बांधतो."

तेवढ्यात रोहिणी बोलली. "दादाचं बरुबर हाय."

सगळे तिच्याकडे वळले. दादाचं बरोबर आहे, हे वाक्य तिच्या तोंडून या घरात कुणी ऐकलं नव्हतं. दादाने स्वतःही ऐकलं नव्हतं.

"कुलूप पाह्यजेच," ती म्हणाली. "पण चावी ना ह्याच्यापाशी, ना त्याच्यापाशी. मायपाशी ठिवा. जमीन तिच्या नावावर हाय, नवरा तिचा हाय."

दादाला पटलं, कारण माय आपल्याच विचारांची आहे अशी त्याची खात्री होती. धम्मानंदालाही पटलं, कारण माय त्याच्याच घरी राहत होती. महारुद्राने विचार केला, म्हातारी नवसाला नाही म्हणणार नाही, गेल्या वर्षी नारळाचा तुकडा तिने खाल्ला होता. प्रत्येकाला माय आपली वाटत होती. चावी सुलाबाईच्या कमरेच्या पिशवीत गेली आणि तिने पिशवीचा बंद ओढून घेतला.

*

सुलाबाई अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. उद्याच्या खिरीचे. ब्याऐंशीव्या वर्षी तिचे गुडघे गेले होते, पण डोळे आणि जीभ शाबूत होती. तिने लेकीकडे न बघताच विचारलं, "कंडक्टरीनबाई, दादाचं बरुबर हाय म्हणालीस. काय शिजायलंय?"

"खीर शिजवायचीय ना?"

"मला खीर नगं शिकवू."

रोहिणीने धम्मशीलेला हाक मारली. ती आली आणि तिच्यामागे राजेश्रीही आली. राजेश्री महारुद्राची मुलगी. पोरींच्या संघात गोलकीपर तीच होती. घरात ठाऊक होतं ते एवढंच, की पोरगी संध्याकाळी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. अभ्यास करता करता तिच्या दोन्ही कोपरांना खपल्या कशा धरतात, हे महारुद्राने कधी विचारलं नव्हतं.

रोहिणीने बेत सांगितला. सांगायला फार काही नव्हतंच. चुना आत आहे, कुंचे आत आहेत, कुलूप बाहेर आहे आणि चावी मायच्या कमरेला आहे.

धम्मशीलेला आधी समजलं नाही. समजल्यावर तिने तोंडावर हात धरला. "आत्या, ही चोरी झाली."

"कशाची चोरी? तुज्या आज्याच्या मातीला तू चुना लावायलीस. दस्तुरात गडीच पाह्यजे असं कुणी म्हणलंय का? ज्याच्या हाताला चुना, बस. हात हाय न्हवं तुला?"

"अन् बाबा?" राजेश्री हळूच म्हणाली. "माजे बाबा मला घरात घेतील का?"

सुलाबाईने सुपातला खडा उचलून लांब फेकला. "न्हाई घेतलं तर हितं ये. खीर लय होणारय."

पोरी हसल्या, पण धम्मशीलेचं हसू अर्ध्यात राहिलं. "न्हाई जमलं तर, आत्या? सगळ्या गावात हसं हुईल. ह्या पोरींना परत कुणी ग्राउंडात धाडणार न्हाई. एकदाच जमायलंय हे."

रोहिणीला खोटा धीर देता आला असता. तिने तो दिला नाही. "मी बारा वरसाची होते," ती म्हणाली. "बाबा मला रोज संध्याकाळी गोलात उभं करायचे. माणिककाकांचे बॉल मी अडवायची. मंग मानवतला मॅच होती. मी फ्रॉकवर क्लबाचा शर्ट घालून तयार बसले. बाबांनी तो माज्या अंगातून काढला. म्हणले, मॅचला नगं पोरी, गाव काय म्हणल. अख्खं गाव ज्यांनी महारवाड्यात आणून दाखवलं ना, ते मला म्हणले, गाव काय म्हणल. मी अजून रागावलेय त्यांच्यावर. दर साली हार घालते अन् रागावते."

सुलाबाई तांदूळ निवडायची थांबली होती. नवऱ्याची बाजू घ्यावी असं तिला क्षणभर वाटलं असावं, पण तिने ती घेतली नाही. पिशवीचा बंद सोडून तिने चावी काढली आणि नातीच्या हातावर ठेवली. "मला खुर्ची लागंल. हुबं राहून बघणं हुत न्हाई."

दिवेलागणीला धम्मानंद आला. इकडेतिकडे बघून रोहिणीला म्हणाला, "आक्का, तेवढी चावी. दादाला कळायच्या आत चुना उरकून घेतो म्हणायलाय महारुद्र."

"सकाळी देते."

"नक्की?"

"तुजी शपथ. तू येशील तवा चावी तुज्या हातात."

कंडक्टरने दिलेला शब्द होता. तिने तो तंतोतंत पाळला.

*

जानेवारीची थंडी होती आणि हरभऱ्यावर दव होतं. उजाडत होतं तेव्हा अकरा पोरी जाळीपाशी होत्या. आत जागा चौघींची. बाकीच्या बाहेरून जाळीतून हात घालून जमेल तेवढं रंगवत होत्या, म्हणजे कुणाचाही हात कोरडा राहिला असं म्हणायला नको. सुलाबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत घोंगडी पांघरून मुकादमासारखी बसली होती.

"पायथ्याला सुटलंय. त्यो दगड नीट रंगव गं राजेश्री, त्याच्या कानामागं कधी साबण पोचला न्हाई."

पोरी खुदखुदत होत्या. चुना ओला असताना निळसर दिसतो आणि वाळला की पांढरा होतो. दगडाचा वरचा भाग पांढरा पडायला लागला तेव्हा गावाकडून हलगी ऐकू आली.

पुढे महारुद्र. अंगात गोलकीपरचा पिवळा शर्ट, खास कार्यक्रमासाठी इस्त्री केलेला. मागे क्लबाचे तीस-चाळीस जण, धम्मानंद, आणि चेंडू परातीत. हलगी वाजत वाजत लिंबापाशी आली आणि एकदम बंद पडली.

रोहिणी पुढे झाली आणि तिने धम्मानंदाच्या हातात चावी ठेवली. "घे. म्हणले होते ना, देते म्हणून."

धम्मानंदाने चावीकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं, मग लेकीच्या कोपरापर्यंत माखलेल्या हातांकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं राहिलं. महारुद्र मात्र भराभर जाळीपाशी गेला.

"कुणाच्या परवानगीनं?"

"माज्या," सुलाबाई म्हणाली. "बस, महारुद्रा. खीर खाऊन जा."

"काकू, हा खेळ न्हाई."

"मंग काय हाय? तुमीच तर खेळाचा क्लब म्हणताव."

मागची माणसं फिसकन हसली. महारुद्र वळून बघेपर्यंत सगळ्यांची तोंडं सरळ झाली होती. तो पुन्हा जाळीकडे वळला आणि तेव्हा त्याला दगडामागून उठणारी राजेश्री दिसली. नाकाच्या शेंड्याला चुना, केसांना चुना. तिने पळायला जागा शोधली, पण जाळी दादाने फार मजबूत करून घेतली होती.

"तू?"

"मी गोलकीपर हाय, बाबा," ती म्हणाली. "वरीस झालं."

रोहिणीला महारुद्राची थोडी दया आली. गावासमोर हरणं वेगळं आणि घरातल्याच माणसाकडून गावासमोर हरणं वेगळं.

तेवढ्यात दादा वंदनेची तयारी घेऊन आला आणि उघडी जाळी बघून मेणबत्त्यांसकट थांबला. "कुलूप कुणी उघडलं? हाच अंधश्रद्धेचा बाजार बंद करायला मी एवढा खर्च..."

"दादा," रोहिणी म्हणाली, "पोरींनी चुना लावलाय. न्हाई चालत म्हणायला लागलेत हे गडी, त्या पोरी हायेत म्हणून. तुमी जन्मभर समतेवर भाषण केलं. आता सांगा, चालतंय का न्हाई?"

दादा दोन तत्त्वांच्या मधे सापडला. दस्तूर मानावा तर अंधश्रद्धा, मोडावा तर पोरींवर अन्याय. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मात्र कुठल्याही पेचातून आपलं श्रेय काढून घेतो. "म्हणूनच," तो जमावाकडे वळून म्हणाला, "म्हणूनच मी ही जाळी बसवली. विचारपूर्वक."

रोहिणीने खोकला आल्याचं सोंग केलं.

"आबाला बोलवा," महारुद्र म्हणाला. "दस्तूर आबाचा हाय. आबा सांगल."

माणिकरावांना बोलवावं लागलं नाही. ते येतच होते. दर वर्षी पहिल्या किकेला काठी टेकत गोलात उभं राहायचा मान त्यांचा होता. चेंडू येऊन जाळ्यात गेला की ते म्हणायचे, अडवला असता, पण सोडला. नातवाएवढ्या एका पोराच्या खांद्याला धरून ते आले, कबरीभोवती एक फेरी मारली, चुन्यावर बोट ओढून बघितलं.

"दोन हात दिलेत," ते म्हणाले. "महारुद्रा, तू एकच देत होतास. उरलेला चुना गोठ्याला न्यायचास."

या वेळी कुणी हसू लपवलं नाही.

"आबा, फैसला करा."

"केलाय की. नऊ साल झाली. ज्याच्या हाताला चुना." त्यांनी काठी धम्मशीलेकडे केली. "कारभारी ही. बोल पोरी, काय हुकूम?"

धम्मशीलेने आत्याकडे बघितलं. रोहिणीने मुद्दाम दुसरीकडे बघितलं. हे तिने सांगून उपयोगाचं नव्हतं.

"बोकड हितं कापायचा न्हाई," धम्मशीला म्हणाली. दादाने मान डोलवली. "तुमच्या अंगणात कापा, आजोबा. आज्याला काय लागत न्हाई."

"मला लागतंय," सुलाबाई म्हणाली. "वाटीभर धाडा."

"अन् रविवारी गंगाखेडला पोरी क्लबाच्या नावावर उतरणार. क्लबाच्या शर्टात."

महारुद्राला आता वाट सापडल्यासारखं झालं. तो जवळजवळ प्रेमाने बोलला. "पोरी, शर्ट एकच जोड हाय. दहा निळे अन् माजा पिवळा. तुमची मॅच सकाळी. तुमची झाली की लागलीच आमची. धुवायला येळ न्हाई. मंग आमी काय घालावं?"

"तेच."

"पोरींनी घातलेले? घामाचे?"

हलगीवाल्यानेही मान खाली घातली. एवढ्या वेळ हसणाऱ्या मागच्या रांगेत चुळबुळ झाली, आणि रोहिणीला वाटलं, गेलं. इथवर आणलं आणि इथे अडकलं. धम्मानंद पुढे सरकला होता, लेकीच्या बाजूला, जाळीला धरून. पण त्याच्या शब्दाला क्लबात वजन नव्हतं हे त्यालाही ठाऊक होतं.

माणिकराव कबरीच्या कट्ट्यावर बसले. ओल्या चुन्यावरच बसले, धोतराचा विचार केला नाही.

"बाहत्तर साली क्लबात सातच शर्ट होते," ते म्हणाले. "चौघं उघडे खेळायचे. हाफटाइमला शर्ट बदलायचे. पहिल्याच मॅचला मला कप्तानाच्या अंगातला आला. पिळला तर घाम गळल असा. मी हातात धरून हुबा. कप्तान काय बोलला न्हाई, नुसता बघत हुता. घातला मी. घरी गेलो तर बापानं अंगणातच थांबवलं. शर्ट बाहीर काढ म्हणला, गोमूत्र शिंपडलं माज्यावर. दुसऱ्या दिवशी मी परत त्योच शर्ट घातला." त्यांनी मुलाकडे बघितलं. "तुजा आजा हुता त्यो, महारुद्रा. त्याच्यावाणी करायचं असंल तर गोठ्यात गोमूत्र हाय. आण."

महारुद्र बापाकडे बघत राहिला. ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती, हे त्याच्या तोंडावरूनच कळत होतं. मग त्याने परातीतला चेंडू उचलला, जाळीच्या आत वाकून कबरीवर ठेवला आणि मागे झाला. पोरींना वाट मिळावी एवढाच मागे.

पहिली किक धम्मशीलेने मारली. माणिकराव काठी टेकून गोलात उभे होते. चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला. "अडवला असता," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य या वर्षी त्यांनी म्हटलं नाही.

*

रविवारी गंगाखेडच्या ग्राउंडावर पोरी एका गोलने हरल्या. तोही पेनल्टीचा. बाकी सगळे बॉल राजेश्रीने अडवले, अंगावर घेतले, तोंडावर घेतले. पिवळा शर्ट तिला गुडघ्यापर्यंत येत होता.

शाळेच्या एका खोलीत पोरींनी कपडे बदलले आणि निळ्या शर्टांचा ढीग खिडकीतून बाहेर आला. रोहिणीने तो बाकावर ठेवला. पंचांनी शिट्टी मारून गड्यांना बोलावलं. दहा गडी बाकाभोवती उभे राहिले, कुणी बुटाची नाडी बांधतंय, कुणी पाणी पितंय. पहिला हात कुणी घालावा याची वाट बघत होते. दुसऱ्या संघाचे लोक हे सगळं बघत होते, आणि रोहिणीला त्या दहा जणांच्या एकेकाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटत होता.

राजेश्री पिवळा शर्ट हातात घेऊन स्वतः बाहेर आली. पुढ्यात चिखल, काखेत घामाचे मोठे ओले डाग. "ओला हाय, बाबा," ती म्हणाली.

महारुद्राने शर्ट घेतला. आधी कॉलरला दोन बोटांनी धरला. मग डोक्यातून घातला. ओलं कापड पाठीवर गोळा होऊन अडकलं आणि त्याचे दोन्ही हात वरच राहिले, तेव्हा राजेश्रीने मागून ओढून ते खाली सरळ केलं. बाकीच्यांनी मग मुकाट्याने आपापले शर्ट उचलले.

तो गोलाकडे निघाला, चार पावलं गेला आणि थांबला. लेकीकडे तोंड न करताच बोलला. "पेनल्टीला डावीकडं लवकर झेपावलीस तू. त्याचा पाय बघायचा असतो. पुढच्या टायमाला थांब जरा."

ग्राउंडात भोंगा ओरडत होता, त्यामुळे त्याचं शेवटचं वाक्य नीट ऐकू आलं ते फक्त दोघींना. राजेश्रीने मान डोलवली, आणि रोहिणी, जिला आयुष्यात कुणी 'पुढच्या टायमाला' असं म्हटलं नव्हतं, ती बाकावर बसली आणि पदराने नाक पुसत राहिली.